कागदावर सहा उरतात, तरी कार्डाची थकबाकी हलत नाही

आधी प्रश्न थोडक्यात. एक जोडपं महागड्या शहरात राहतं, मूल चार वर्षांचं. एकाला ठरलेला पगार आहे, दुसऱ्याचं काम कंत्राटी. भाड्यातच उत्पन्नाचे चाळीस टक्के जातात. बाहेरचं खाणं, कपडे, फिरणं सगळं कमी केलंय, मोबाइलवर रोज खर्च टिपतात. हिशेबाप्रमाणे महिन्याला थोडे पैसे उरायला हवेत. प्रत्यक्षात क्रेडिट कार्डावर अर्ध्या महिन्याच्या उत्पन्नाइतकी थकबाकी आहे. बोनस आला की ती उतरते आणि वर्षभरात पुन्हा तिथेच येते. उत्पन्नाचे पन्नास टक्के गरजांना, तीस इच्छांना, वीस बचतीला हा ५०-३०-२० चा नियम बसत नाही. भाड्याचा करार पाच महिन्यांनी संपतोय. त्यांचं विचारणं असं: आणखी कुठे काटकसर करायची?

माझं उत्तर: काटकसर तुम्ही पुरेशी केली आहे, आता ती थांबवा. दुखणं तिथे नाहीच. एकोणीस वर्षं मी कुटुंबांसोबत बसून घरखर्चाची घडी बसवून देते. सुरुवातीची काही वर्षं मीही आलेल्या प्रत्येकाला खर्चाची वही लिहायला सांगायचे. लोक प्रामाणिकपणे लिहायचे, तीन महिन्यांनी थकायचे आणि परिस्थिती जिथल्या तिथे असायची. वहीत चूक नसायची. वहीत जे येत नव्हतं, तिथे खरी तूट होती.

तुम्ही दिलेले आकडे मी १०० भागांत मांडते. तुमच्या दोघांच्या हातात कर वजा जाता जे येतं, कंत्राटी कामाची वर्षाची सरासरी धरून, ते १००. बोनस त्याबाहेर. भाडं ४०. कामावर जाण्यायेण्याचा खर्च ८. पाळणाघर १२. जुन्या कर्जाचा हप्ता ८. वीज, पाणी, फोन, इंटरनेट ५. दरमहा कापला जाणारा विमा २. झाले ७५. किराणा आणि घरातलं खाणंपिणं १३, म्हणजे ८८. उरलेलं बाहेरचं खाणं, कपडे, करमणूक मिळून ६. बेरीज ९४. कागदावर ६ उरतात आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे बघता, की हे सहा जातात कुठे.

आता महिन्याची वही बंद करून वर्षाची उघडा. वर्षातून एकदा भरायचा विम्याचा हप्ता, मुलाच्या शाळेची एकरकमी फी, गावी किंवा आईवडिलांकडे जाण्यायेण्याचा खर्च, दात, चष्मा, तपासण्या, बंद पडलेलं यंत्र, भाडेकरार नव्याने करतानाचा खर्च, लग्नकार्यातले आहेर आणि भेटी. तुमच्यासारख्या घरांत हे साधारण कसं पडतं ते मी सांगते, तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील: विमा २०, शाळा ३०, प्रवास २५, दवाखाना १२, दुरुस्ती आणि नवी वस्तू १५, करार १२, भेटी १८. एकूण १३२ भाग. बाराने भागा, महिन्याला ११.

तुमच्याकडे उरतात ६, लागतात ११. दरमहा ५ भागांची तूट, वर्षाला ६०. तुमच्या कार्डावर अर्ध्या महिन्याच्या उत्पन्नाइतकी थकबाकी आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे माझा अंदाज फार चुकलेला नाही. वर्षभर तूट साठते, बोनस येऊन ती भरतो आणि नवी साठायला लागते. तुमचा बोनस गेली काही वर्षं मागच्या वर्षाचे खर्च फेडतोय.

हे मी एका घरात अगदी डोळ्यांसमोर पाहिलं. त्यांनी बारा महिन्यांची बँकेची विवरणपत्रं छापून आणली होती. टेबलावर मावेनात म्हणून जमिनीवर ओळीने मांडली. मी त्यांना सांगितलं, ज्या महिन्यात खर्च उत्पन्नापेक्षा जास्त झाला त्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने कारण लिहा. त्या बाई गुडघ्यांवर बसून एकेका कागदावर लिहीत गेल्या: ‘विमा’, ‘भावाचं लग्न’, ‘दाढ’, ‘फ्रीज’, ‘शाळा’. सहाव्या कागदाशी त्यांचा हात थांबला. मागे वळून नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, आपण दर महिन्याला म्हणतो ना, या महिन्यात जरा जास्त झालं?” बारापैकी नऊ कागदांवर काहीतरी लिहिलेलं होतं. साधा, सरळ, नेहमीसारखा महिना वर्षातून तीनदाच आला होता आणि त्यांचं बजेट त्या तीन महिन्यांसाठी बेतलेलं होतं.

म्हणून मी खर्चाचे दोनच प्रकार मानते. बांधील आणि सुटा. बांधील म्हणजे ज्याबद्दल या महिन्यात तुम्हाला काहीही ठरवता येत नाही, कारण ते आधीच ठरून गेलंय: भाडं, हप्ता, पाळणाघर, फी. सुटा म्हणजे ज्याला आज नाही म्हणता येतं. गरज आणि चैन ही विभागणी मी मुद्दाम वापरत नाही. तिच्यावरून घरात भांडणं होतात. तुमची चैन मला गरज वाटते आणि माझी तुम्हाला. बांधील की सुटा, यावर मात्र वाद होत नाही.

या विभागणीने तुमचं घर पाहिलं तर महिन्याचे बांधील ७५, वर्षाचे बांधील ११, वर किराणा १३ (किराणा अर्धवट सुटा असतो, पण मूल असलेल्या घरात फार दाबता येत नाही). झाले ९९. तुमच्या हातात सुटा असा खरा एक भाग आहे आणि तुम्ही त्यात सहा बसवायला बघताय. उद्यापासून बाहेरचं खाणं, एकही कपडा, एकही सिनेमा नाही असं ठरवलंत तरी साठची तूट भरून वर्षाला १२ भाग उरतील आणि घरातला आनंद जाईल. म्हणून म्हटलं, काटकसर थांबवा. महागड्या शहरात घरखर्चाची लढाई बांधील भागाशी असते. ती वर्षातून दोन-तीनदाच लढता येते, करार संपताना, नोकरी बदलताना, मुलाची शाळा ठरताना. तुमचा करार पाच महिन्यांनी संपतोय. ही तुमची वेळ आहे.

५०-३०-२० बसत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. हे सूत्र अमेरिकेतल्या तेव्हाच्या कायद्याच्या प्राध्यापक एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ मध्ये लोकांसमोर आणलं: करानंतरच्या उत्पन्नाचे पन्नास टक्के अत्यावश्यक गोष्टींना, तीस इच्छांना, वीस बचत आणि कर्जफेडीला. लोक तेवढेच आकडे लक्षात ठेवतात. याच दोघींनी २००३ मध्ये मांडलेला मुद्दा तुमच्यासाठी जास्त कामाचा आहे. दोघं कमावू लागले की कुटुंब दुसरं उत्पन्नही घर, शाळा, गाडी अशा ठरलेल्या खर्चांत बांधून टाकतं. मग एक नोकरी डळमळली की सावरायला जागाच राहत नाही. तुमच्या घरात नेमकं हेच झालंय.

भाडं उत्पन्नाच्या तीस टक्क्यांत असावं, हेही असंच. १९६९ साली अमेरिकेत सरकारी घरांतल्या भाडेकरूंच्या भाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली. गरीब भाडेकरूकडून सरकारने किती घ्यावं, याचा तो आकडा. तुम्ही किती द्यावं याचा तो निकष नव्हता. त्याच्याही कितीतरी आधी, १८६८ मध्ये, बर्लिनचे संख्याशास्त्रज्ञ हेरमान श्वाबे यांनी दाखवून दिलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका भाड्याचा वाटा मोठा. म्हणजे सगळ्यांना एकच टक्केवारी लावणं मुळातच चुकीचं.

मला त्यापेक्षा घर आणि प्रवास एकत्र मोजणं पटतं. शिकागोची सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांची रेघ धरते. तुमचं ४० आणि ८, म्हणजे ४८. फार दूर नाही. पण घर शोधताना बहुतेक लोक भाड्याचाच आकडा बघतात आणि तिथे फसतात. माझ्याकडे आलेल्या दोन घरांचे हिशेब सांगते, दोन्ही साधारण तुमच्याच मापाची.

पहिलं कुटुंब लांब गेलं. भाडं ४० वरून ३१ वर आलं, ९ भाग वाचले म्हणून आनंदात होते. पण प्रवास ८ वरून १३ झाला. मुलाला पाळणाघरात रोज जास्त वेळ ठेवावं लागलं, तिथे १२ चे १४ झाले. दोघंही उशिरा आणि दमून घरी येत, म्हणून आठवड्यातून दोनदा बाहेरून जेवण, तो १ भाग वाढला. नऊमधून आठ गेले, हातात आला एक. आणि तो एक कमवायला दोघांनी रोज प्रत्येकी दीड तास जास्त प्रवास केला. ब्रुनो फ्राय आणि अलॉइस श्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मन कुटुंबांच्या माहितीवरून दाखवलंय की लांबच्या प्रवासाने माणसाचं समाधान घटतं आणि कमी भाडं किंवा जास्त पगार ती घट भरून काढत नाही. मला ते वाचून नवल वाटलं नाही, कारण मी ते चेहऱ्यांवर पाहिलंय.

दुसऱ्या कुटुंबाने उलट केलं. एक खोली कमी असलेलं, जुन्या इमारतीतलं घर घेतलं, पण एकाच्या कामाच्या ठिकाणापासून पायी अंतरावर. भाडं ४० चं ३७ झालं, म्हणजे फारसा फरक नाही. प्रवास ८ वरून ३ वर आला. मुलाला वेळेवर आणता येऊ लागलं म्हणून पाळणाघर १२ चं १० झालं. दहा भाग सुटले. त्या घरात कपाटं कमी होती, पहिले दोन महिने खोकी भिंतीला लावलेली होती, त्या बाईंना ते फार जड गेलं. मी ते कमी लेखत नाही. पण दहा भाग म्हणजे तुमची पाचची तूट भरून वर पाच.

तेव्हा पुढच्या पाच महिन्यांत घरं बघाल तेव्हा प्रत्येक घरासमोर चार आकडे लिहा: भाडं, प्रवास, पाळणाघर आणि उशिरा पोचण्याचा खर्च. चौघांची बेरीज आजच्या बेरजेशी ताडा. सामान हलवण्याचा आणि करार करण्याचा खर्च बाराने भागून त्यात घाला. वर्षाच्या आत तो वसूल होत नसेल तर हलू नका.

हलायचं नसेल तर मालकाशी बोला, आणि करार संपायच्या आठवड्यात बोलू नका, तीन महिने आधी बोला. घर एक महिना रिकामं राहिलं तर मालकाच्या वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा, म्हणजे ८.३ टक्के जातात. तो ८ टक्के वाढ मागत असेल आणि तुम्ही गेलात, तर एका रिकाम्या महिन्यात त्याची वर्षभराची वाढ बुडते. वेळेवर भाडं देणारा, घर नीट ठेवणारा भाडेकरू ही त्याचीही गरज आहे. हे नम्रपणे, आकड्यासकट सांगा आणि त्याच्या फायद्याचं काहीतरी द्या, उदाहरणार्थ दोन वर्षांचा करार. दरवर्षीच्या वाढीकडे दुर्लक्ष करू नका. भाडं ८ टक्क्यांनी आणि उत्पन्न ५ टक्क्यांनी वाढत राहिलं तर आजचे ४० भाग पाच वर्षांत ४६ होतात. त्यात तुमचा एकही निर्णय चुकलेला नसतो.

पाळणाघराबद्दल मला कळकळीने काही सांगायचंय. प्रश्नात एक ओळ आहे: ‘पत्नीचं कंत्राटी काम सोडलं तर पाळणाघराचे १२ वाचतील, तिचं उत्पन्न तसंही अनिश्चित आहे.’ हा हिशेब मी शेकडो घरांत ऐकलाय, आणि तो नेहमी आईच्याच उत्पन्नातून वजा केला जातो. मूल दोघांचं आहे, पाळणाघरामुळे दोघंही कामाला जाऊ शकतात, मग खर्च दोघांच्या उत्पन्नातून वजा करा. तिचे सरासरी ३६ येतात. पाळणाघर आणि तिचा प्रवास मिळून पंधरा-सोळा धरले तरी घराला वीस मिळतात. शिवाय हा खर्च संपणारा आहे. मूल शाळेत पूर्ण वेळ जाऊ लागलं की तो घटतो. सोडलेलं काम मात्र तितक्याच सहज परत मिळत नाही, आणि मिळालं तरी मधल्या वर्षांची वाढ गेलेली असते. निवृत्तीसाठी त्या वर्षांत काही साठलेलं नसतं ते वेगळंच. घरी थांबायची तिची स्वतःची इच्छा असेल तर तो निर्णय निराळा, त्याला माझा आदर आहे. पण पैशाच्या नावाखाली तो तिच्यावर येऊ नये.

तिचं उत्पन्न अनिश्चित आहे ही अडचण खरी आहे, पण तिला उपाय आहे. तुम्ही सरासरीवर बजेट बसवलंय. सरासरी ३६ असली तरी पडत्या महिन्यांत २४ च येतात असं तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून दिसतं. त्या महिन्यांत घरात ८८ येतात आणि भाड्यापासून किराण्यापर्यंतच संपतात. तिची कमाई आधी वेगळ्या खात्यात जाऊ द्या आणि त्या खात्यातून दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घराला ठरलेली रक्कम द्या, जणू ती स्वतःलाच पगार देतेय. ३६ ऐवजी ३४ ठेवा. चढत्या महिन्यातले जास्तीचे पैसे तिथेच थांबतील आणि पडत्या महिन्यात उपयोगी येतील. पहिलं वर्ष अवघड जाईल, कारण खातं रिकाम्यापासून सुरू होतंय. म्हणून ही सुरुवात तिच्या चांगल्या महिन्यात करा.

आता कार्ड. कार्डाचं व्याज दरमहा ३ टक्के धरलं तर चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. काहीच फेडलं नाही तर रक्कम सुमारे दोन वर्षांत दुप्पट होते. तुमच्या थकबाकीच्या पन्नास भागांवर महिन्याला १.५ भाग नुसतं व्याज, आणि हे १.५ तुमच्या यादीत कुठेच नाहीत. किमान रक्कम भरत राहणं म्हणजे हप्ता संपणार नाही असं कर्ज.

बरेच सल्लागार म्हणतील की आधी कर्ज संपवा, बचत नंतर. तुमच्या बाबतीत मला ते पटत नाही. कार्ड तुम्ही दरवर्षी बोनसमधून उतरवताच. ते पुन्हा भरतं, कारण शाळेची फी आणि विमा येतो तेव्हा दुसरीकडे पैसे नसतात. म्हणून पहिल्याच महिन्यापासून वर्षाच्या खर्चासाठी वेगळं खातं उघडा आणि पगाराच्या दिवशी आपोआप त्यात रक्कम जाईल असं करा. सुरुवातीला ११ जमणार नाहीत, ६ जातील. हरकत नाही. येणाऱ्या बोनसमधून कार्ड पूर्ण फेडा आणि त्या दिवसापासून वर्षाचा कोणताही खर्च कार्डावर टाकायचा नाही, या खात्यातूनच द्यायचा. कमी व्याजाचं कर्ज काढून कार्ड फेडायचा मार्गही आहे, हिशेबात तो स्वस्त पडतो. पण हे खातं उघडायच्या आधी तसं केलेल्या घरांत मी वर्षभराने दोन्ही कर्जं पाहिली आहेत, नवंही आणि पुन्हा भरलेलं कार्डही. खातं आधी, कर्ज नंतर.

या खात्याची यादी करायला मागच्या वर्षाची विवरणपत्रं काढा आणि वर सांगितलं तसं कोपऱ्यात कारण लिहा. दुरुस्ती नेमकी कधी येणार हे माहीत नसतं, म्हणून लोक ती यादीत धरत नाहीत. यंत्र कोणतं आणि केव्हा बंद पडेल ते सांगता येत नाही, पण वर्षात काहीतरी बंद पडतं हे नक्की. जपानमध्ये पत्रकार हानी मोतोको यांनी १९०४ मध्ये घरखर्चाची वही लोकांच्या हाती दिली, तीच काकेबो म्हणून पुढे रुजली. आज जी काकेबो पद्धत चालते तिच्यात खर्चाचे चार कप्पे असतात आणि त्यातला एक ‘अनपेक्षित’ म्हणून कायमचा ठेवलेला असतो. त्या कप्प्यामुळेच मला ती पद्धत शहाणी वाटते.

घरखर्चासाठी महिना हे माप वापरू नका, आठवडा वापरा. महिन्यात चार आठवडे धरून पैसे वाटले की गोंधळ होतो, कारण महिना सरासरी ४.३ आठवड्यांचा असतो आणि वर्षातल्या चार-पाच महिन्यांत शनिवार पाच येतात. किराण्याचे १३ भाग ४.३३ ने भागा, आठवड्याला ३ येतात. आठवड्याचे पैसे ठरलेल्या वारी वेगळ्या खात्यात किंवा पाकिटात टाका. संपले तर दोन-तीन दिवस घरात आहे त्यात भागवायचं. महिन्याच्या शेवटचे दहा दिवस ओढाताणीचे जाण्यापेक्षा हे सोपं. आणि मग रोजची नोंद बंद करा. खरंच बंद करा. बांधील पैसे पगाराच्या दिवशीच बाजूला गेले, घरखर्च आठवड्यावर आला, की उरलेले कुठे खर्च केले याचा जाब कुणी कुणाला द्यायचा नाही.

तसेच दोघांना थोडी रक्कम अशी द्या की जिच्याबद्दल दुसरा विचारणार नाही. अर्धा भाग असला तरी चालेल, पण दोघांना सारखीच, कमाई कितीही कमीजास्त असो. ही रक्कम नसलेल्या घरांत लपवाछपवी सुरू होते आणि त्याचा त्रास आकड्यांपेक्षा मोठा असतो. महिन्यातून एकदा वीस मिनिटं एकत्र बसा, सुट्टीच्या सकाळी, मूल खेळत असताना. रात्री, दिवसभराच्या शिणानंतर पैशाचं बोलू नका. माझ्यासमोर झालेली जवळजवळ सगळी भांडणं रात्री सुरू झालेली होती.

अडीअडचणीच्या राखीव निधीबद्दल थोडक्यात. तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा असं सांगितलं जातं. चाळीस टक्के भाडं असलेल्या घराला ते ऐकूनच धडकी भरते आणि काहीच होत नाही. पहिलं उद्दिष्ट एक महिन्याचं भाडं एवढंच धरा. ते झालं की भाड्यापासून किराण्यापर्यंतचे ८८, म्हणजे एक पूर्ण महिना. मग पुढचं. मालकाकडची अनामत यात धरू नका, नोकरी गेली त्या आठवड्यात ती मिळत नाही.

पगारवाढीचं आत्ताच ठरवा, वाढ यायच्या आधी. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये एक प्रयोग मांडला. कामगारांनी आज काहीच कापून द्यायचं नाही, पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला हिस्सा बचतीला जाईल एवढंच आधी कबूल करायचं. चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात आलेला पैसा सोडणं जड जातं, न आलेला सोडणं सोपं. तुमच्याकडे अशा दोन गोष्टी येणार आहेत, पगारवाढ आणि पाळणाघराचा घटणारा खर्च. दोन्हींतला अर्धा कुठे जाईल ते लिहून ठेवा. नाहीतर तो मोठ्या घराच्या भाड्यात जाईल आणि पुन्हा बांधला जाईल.

हे सगळं करूनही बेरीज १०० च्या वरच राहिली तर? होतं असं, आणि त्यात तुमचा दोष नसतो. तेव्हा शहर सोडण्याचा विचार मोकळेपणाने करा, पराभव समजून नव्हे. फक्त पगारांची तुलना करू नका, बांधील भाग वजा जाता काय उरतं त्याची करा. इथे १०० मिळून ५ ची तूट आणि दुसरीकडे ८० मिळून ८ शिल्लक, तर दुसरीकडचे ८० जास्त आहेत. दोघांनाही तिथे काम मिळेल का, आजारपणात जवळचं माणूस कोण, हे आकड्यांइतकंच महत्त्वाचं आहे आणि ते तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल.

तुमच्या बाबतीत मला शहर सोडण्याची वेळ दिसत नाही. जवळच्या छोट्या घरात दहा भाग सुटले तर त्यातले ५ वर्षाच्या खात्यात जाऊन तिथे ११ पूर्ण होतात, २ तिच्या उत्पन्नाच्या चढउतारासाठी, ३ आधी कार्डाला आणि कार्ड संपल्यावर राखीव निधीला. बाहेर जेवणं, सिनेमा, कपडे यांचे ६ तसेच ठेवा, त्यांना हात लावू नका. दोन महिने विवरणपत्रं आणि घरं बघण्यात घालवा. तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला मालकाशी बोला, म्हणजे करार संपायला तीन महिने असतील. तो काय म्हणतो ते आणि तुम्ही पाहिलेल्या घरांचे चार-चार आकडे मला लिहून पाठवा, आपण बेरीज एकत्र करू.